केनियन सँड बोआ : मांडुळाच्या आफ्रिकी भाऊबंदाची निगा

केनियन सँड बोआ हा ईशान्य व पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांत आढळणारा बिनविषारी, वाळूत दडून राहणारा साप आहे. महाराष्ट्रात दुतोंड्या म्हणून ओळखले जाणारे मांडूळ याच एरिक्स प्रजातीतील. अमेरिका व ब्रिटनमध्ये बंदिवासात जन्मलेले केनियन बोआ पाळीव म्हणून विकले जातात. नराची लांबी साधारण ४० सें.मी., तर मादीची ६० ते ८० सें.मी. भरते. योग्य निगा राखल्यास हा साप १५ ते २० वर्षे जगतो. घरी आणण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा.

निवारा : प्रौढ मादीसाठी सुमारे ७५ सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व घट्ट झाकणाची काचपेटी किमान आवश्यक आहे. तळाशी ॲस्पेन लाकडाचा भुसा किंवा वाळूमिश्रित मातीचा ८ ते १० सें.मी. थर द्यावा. देवदाराचा भुसा टाळावा. त्यातील तेले सापाला अपायकारक असतात. पेटीची एक बाजू ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, तर दुसरी २५ अंशांच्या आसपास ठेवावी, म्हणजे साप गरजेनुसार जागा बदलू शकतो. मात्र तो थर उकरून थेट तापलेल्या काचेवर जाऊन बसतो. त्यामुळे थर्मोस्टॅटविना लावलेली उष्णतेची चटई त्याला गंभीर भाजू शकते. तापमापकाचा संवेदक भुशावर न ठेवता तळाच्या काचेला लावावा. पाण्याचे भांडे लहान व जड असावे; ओलावा साचल्यास त्वचेचे विकार जडतात.

आहार : गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यावा. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करू शकतो. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकीच असावी. पिलांना पाच ते सात दिवसांनी, प्रौढांना दहा ते चौदा दिवसांनी खाऊ घालावे. खाल्ल्यानंतर दोन दिवस सापाला हाताळू नये, अन्यथा तो अन्न ओकतो. कात टाकण्याच्या काळात, तसेच वीण हंगामात नराने खाणे सोडणे स्वाभाविक आहे. वजन घटत असेल तर मात्र सरीसृपांच्या पशुवैद्याकडे जावे. सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

कायदा : अमेरिकेत राज्यागणिक नियम भिन्न आहेत, हवाईमध्ये साप पाळण्यास पूर्ण बंदी आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी करारनामाही तपासावा. एरिक्स प्रजाती 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने परवान्याविना सीमापार नेणे गुन्हा ठरतो. भारतात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मांडूळ पकडणे, बाळगणे वा विकणे दंडनीय आहे. गुप्तधन व औषधी गुणांच्या अंधश्रद्धेपोटी त्याची तस्करी आजही चालते. म्हणून गावाकडच्या मांडुळाची ओढ कितीही असली, तरी खरेदी बंदिवासातील पैदाशीचीच आणि पावतीसह करावी.