तगाद्याची कुळकथा

मराठीत 'तगादा' हा शब्द अरबी-फारसीतून आला. मूळ शब्द 'तकाजा'. अर्थ, आपले येणे मागणे. राजदरबाराच्या व पेढ्यांच्या बोलीतून तो आमच्या घरांत शिरला आणि इतका मुरला की, आज मुलाने खाऊसाठी हट्ट धरला तरी आई म्हणते, "काय हा तगादा!" पण ज्या गोष्टीसाठी तो प्रथम आला ती गोष्टही अद्याप जिवंत आहे. येथे बेंगळूरच्या जे. पी. नगरात, सातारा-सोलापूर-बेळगावाकडून बदलीवर आलेल्या चार मराठी कुटुंबांत बसले की, हल्ली एक विषय हटकून निघतो. घरात कोणाचे तरी मोठे दुखणे झालेले असते, रुग्णालयाच्या देयकाची काही बाकी राहिलेली असते, आणि ती वसूल करण्याचे काम ज्या संस्थेने अंगावर घेतलेले असते तिचे दूरध्वनी सकाळ-संध्याकाळ सुरू असतात. हा त्रास नवा आहे असे सर्वांस वाटते. वास्तविक त्याचे साधन तेवढे नवे आहे. धनकोने ऋणकोच्या किती जवळ यावे, हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षे चर्चिला गेलेला आहे, आणि त्याची उत्तरे पाहिली तर आजच्या माणसास थोडा धीर येण्यासारखा आहे.

मनुस्मृतीने कर्ज वसूल करण्याचे पाच उपाय सांगितले आहेत: सामोपचार, न्यायालय, युक्ती, रूढ आचार आणि बळ. यांपैकी चौथ्या उपायाचा अर्थ लावताना टीकाकारांनी ऋणकोच्या दारी बसून राहणे, त्याच्या माणसांस अडविणे अशा गोष्टी सांगितल्या. म्हणजे धरणे ही शास्त्राने मान्य केलेली वाट होती. परंतु त्याच शास्त्राने व्याजाला कुंपणही घातले. एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा तो दामदुपटीचा नियम; आणि तो इतका टिकाऊ ठरला की, मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही त्यास मान दिला. कौटिल्याने तर आम्हां चाकरमान्यांस विशेष जवळचे वाटेल असे एक कलम घातले आहे. शेतकरी आणि राजसेवक यांस कामाच्या वेळी कर्जापायी धरू नये, असे अर्थशास्त्र सांगते. धनकोचा हक्क त्याने नाकारला नाही. त्या हक्कास वेळ-काळ असते, एवढेच सांगितले.

मराठेशाहीत तगाद्याचे रूप कसे होते याचे वर्णन मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली लिहिलेल्या अहवालात आढळते. जमिनीचे वाद सोडले तर येणे असणाऱ्याने प्रथम स्वतःच आपली दाद लावून घ्यावी, अशी तेथे रीत होती, आणि तिलाच तगादा म्हणत. नुसत्या विनवणीपासून त्याचा आरंभ होई. मग दारावर माणूस बसे. त्यानंतर ऋणकोस जेवू न देणे, बांधून ठेवणे, डोक्यावर धोंडा देऊन उन्हात एका पायावर उभे करणे, इथपर्यंत मजल जाई. धनको दुबळा असला तर तो स्वतःच ऋणकोच्या दारी उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत घरातील माणसांनीही जेवू नये असा संकेत असे. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेला ब्रौटन हा इंग्रज अधिकारी आपल्या पत्रांत अशा धरण्यांची हकीकत सांगतो. तेथे पगार थकलेले शिपाई आपल्या सरदारांनाच अडवून बसत.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. तगाद्याची शक्ती रकमेत नव्हती, ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांत होती. दारात बसलेला माणूस साऱ्या आळीस दिसे. जुन्या तगाद्याचे खरे शस्त्र लाज हेच होते.

इंग्रजांनी हे शस्त्र ओळखले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालून एखाद्यास काही करावयास लावणे हा गुन्हा ठरला, आणि कायद्याने त्याचे उदाहरणच मुळी दारी धरणे धरून बसणाऱ्याचे दिले. धरणेकरी दारातून उठला. परंतु त्याच्या जागी आला तो न्यायालयाचा बेलिफ, आणि दख्खनच्या शेतकऱ्यास हा नवा पाहुणा जुन्यापेक्षा जड गेला.

त्याचे कारण असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम मात्र उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार जुने मुद्दल व व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई, आणि व्याजावर व्याज चढे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले, पत वाढली आणि कर्जेही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच फेरपाहणीने सारा वाढला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, आठवड्याच्या बाजारी, लोकांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. माणसांस मारण्यापेक्षा कर्जरोखे मिळवून जाळण्यावर दंगेखोरांचा सारा रोख होता.

चौकशी मंडळ बसले, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. न्यायाधीशाने रोख्यावरील आकडा डोळे मिटून मानू नये, त्यामागील व्यवहाराचा आरंभापासून हिशोब तपासावा, असे त्याने सांगितले. दिलेल्या पैशाची पावती मिळणे हा ऋणकोचा हक्क ठरला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करणे बंद झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केले. हिशोब मागण्याचा हा हक्क आमच्या लोकांनी मोठ्या किमतीने मिळविला आहे, हे विसरता कामा नये.

कर्जासाठी तुरुंग ही इंग्रजांच्या स्वतःच्या देशातीलही जुनी चाल. डिकन्सचे वडील १८२४ साली लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात गेले ते देण्यापायीच. तेथे १८६९ च्या कायद्याने ही चाल बव्हंशी उठविली. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऋणकोची कैद राहिली, पण अटींच्या जाळ्यात. अटकेसाठी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीस अटक होत नाही. १९३६ च्या दुरुस्तीने प्रामाणिकपणे असमर्थ असलेल्या माणसास कैदेपासून वाचविले, आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, केवळ दारिद्र्यामुळे देता आले नाही म्हणून माणसास तुरुंगात टाकणे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे. पगाराचेही तसेच. सामान्य हुकूमनाम्यात पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग जप्त होऊ शकत नाही. सरकारी निवृत्तिवेतनास तर हातच लावता येत नाही. कौटिल्याचे ते कलम थोड्या निराळ्या वेषात अजून नांदते आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता रुग्णालयाच्या देण्याकडे वळू. हे देणे तुलनेने अगदी अलीकडचे आहे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ चे, पुण्याचे ससून १८६७ चे, बेंगळूरचे व्हिक्टोरिया १९०० चे. दानशूरांच्या पैशावर व सरकारच्या आधारावर उभ्या राहिलेल्या या संस्थांत सामान्य माणूस गेला तर तो उपकाराने दबून येई, पण कर्जाने सहसा नव्हे. गेल्या चार दशकांत मोठी खासगी रुग्णालये वाढली. उपचार सुधारले यात शंका नाही, पण उपचार आणि ऋण ही दोन्ही एकाच दारातून घरी येऊ लागली. रोगापेक्षा औषध भयंकर ही म्हण आमच्या वडिलांनी थट्टेने वापरली. आम्हांस ती देयकाच्या शेवटच्या ओळीत वाचावी लागते.

सरकारी नोकरास याची झळ लागू नये म्हणून १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम आहेत, आणि १९५४ साली दिल्लीत आरंभ झालेली केंद्रीय सरकारी आरोग्य योजना आहे. तरीही फट राहतेच. वडिलांचे निवृत्तिवेतन ठरीव मर्यादेच्या वर गेले की ते अवलंबित ठरत नाहीत. दुखणे गावी येते, रात्री येते, आणि जवळचे रुग्णालय यादीत असतेच असे नाही. मान्य दर व प्रत्यक्ष देयक यांतील अंतर शेवटी मुलाच्या नावावर चढते, आणि मुलगा असतो शेकडो मैलांवर.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. देयक भागविण्यासाठी बँकेचे अथवा वित्तसंस्थेचे कर्ज काढले असेल, तर वसुली करणाऱ्यावर रिझर्व्ह बँकेचे बंधन असते. २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकाने बँकांच्या वसुली-प्रतिनिधींस शिस्त लावली. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मनाई केली आणि ऋणकोचे नातलग व मित्र यांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करणे गैर ठरविले. कर्नाटकाने २०२५ साली सूक्ष्म व लघु कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध कायदा करून दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. परंतु रुग्णालयाची नुसती बाकी हे कर्ज नव्हे, ते सेवेचे मोल. रुग्णालय ही बँक नव्हे, म्हणून रिझर्व्ह बँकेचे हे नियम त्याच्या माणसास थेट लागत नाहीत. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने बाहेरच्या वसुली-संस्थांस, वैद्यकीय देण्यांसकट, एकाच चौकटीत बसविले. आपल्याकडे तशी चौकट नाही.

म्हणून माणूस अगदी उघडा पडतो असेही नाही. देयक थकले म्हणून रुग्णास अडकवून ठेवता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली बजावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही हे तत्त्व आहे, आणि तपशीलवार देयक मिळण्याचा हक्कही आहे. कर्नाटकाने आपल्या खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती करून मृतदेह बाकीपायी अडविण्यास मनाई केली. धमकी हा धमकीच असतो, मग ती कोणीही देवो. भारतीय न्याय संहितेत त्यास शिक्षा आहे. आणि वैद्यकीय सेवेच्या बाकीसाठीही दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांचीच आहे. "निदान पाचशे रुपये तरी पाठवा आणि दोन ओळी लिहून द्या" या गोड विनंतीचे मर्म येथे आहे. मुदतीच्या आत दिलेली सहीची कबुली मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावयास लावते. सुप्याच्या कुणब्याचा अंगठा ज्या कारणासाठी नव्या रोख्यावर घेतला जाई, ते कारण अजून तसेच आहे.

आम्हां सरकारी नोकरांस आणखी एक भीती घातली जाते, ती कार्यालयाची. आमच्याच कचेरीतील एका सहकाऱ्याच्या बाबतीत वसुली करणाऱ्याने विभागप्रमुखांस दूरध्वनी केला आणि रकमेबरोबर त्याच्या पत्नीच्या आजाराचे नावही उच्चारले. सहकारी दोन दिवस कोणाच्या नजरेस नजर देईना. मग त्याने बाकीचा तपशील लेखी मागविला. दोन तपासण्या दुबार लावलेल्या निघाल्या. त्या वजा झाल्यावर उरलेली रक्कम त्याने हप्त्याने फेडली व प्रत्येक हप्त्याची पावती घेतली. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील सतरावा नियम सवयीच्या कर्जबाजारीपणाविषयी आहे, आणि देण्यासाठी कायदेशीर कारवाई सुरू झाली तर ती कळविण्याविषयी आहे. दूरध्वनी ही कायदेशीर कारवाई नव्हे. शिवाय साधारण दक्षतेने ज्याचा अंदाज करता आला नसता अशा आपत्तीची जाण त्या नियमासही आहे. आणि अकस्मात आलेल्या दुखण्याहून तिचे उघड उदाहरण कोणते?

रुग्णाच्या आजाराची वाच्यता हा या नव्या तगाद्यातील सर्वांत वाईट भाग. वैद्याने रोग्याचे गुपित राखावे हा वैद्यकीचा जुना धर्म, आणि २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांनी तो डॉक्टरांवर लेखी घातला आहे. डॉक्टरांनी जे झाकून ठेवावयाचे, ते वसुलीच्या माणसाने परक्याच्या कानी घालावे, हे कोणत्या न्यायाने? जुना धरणेकरी दारी बसे तेव्हा आळीस एवढेच कळे की घरात देणे आहे. आजच्या तगाद्यात घरातील दुखणेही चव्हाट्यावर येते.

घेतलेल्या सेवेचे मोल द्यावे, याविषयी दुमत नाही. रुग्णालय चालविणाऱ्यांनाही परिचारिकांचे पगार द्यावयाचे असतात. पण या इतिहासात एक सूत्र स्पष्ट दिसते. दामदुपटीने व्याजास, संहितेने अटकेस, १८७९ च्या कायद्याने हिशोबास मर्यादा घातली, आणि प्रत्येक मर्यादा पडली तेव्हा धनकोचे कायदेशीर येणे बुडाले नाही. रुग्णालयाच्या बाकीविषयी अशी मर्यादा अजून पुरतेपणी आखली गेलेली नाही. ती आखली जाईपर्यंत बोलणे लेखी करावे, हिशोब मागावा, पावती ठेवावी, आणि देणे आहे म्हणून मान खाली घालू नये. गावाकडच्या आई-वडिलांसही हे एकदा समजावून सांगावे, कारण तगादेवाला पुष्कळदा प्रथम त्यांनाच गाठतो.