सातचं लेक्चर आणि मुंबईची ३९ मिनिटं

आजचा भाग झोपेवर आहे, पण गोष्ट घड्याळाची आहे.

कॉलेजच्या मुलांसाठी झोपेचे ऑनलाइन धडे निघालेत, हे तुम्ही पाहिलं असेल. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या शेली हर्शनर आणि लुईस ओब्रायन यांनी असा एक धडा विद्यार्थ्यांना देऊन पाहिला. २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: मुलांच्या झोपेच्या सवयी सुधारल्या. म्हणजे धडे कामाचे आहेत. फोन लांब ठेवा, रात्री कॉफी नको, रोज ठरलेल्या वेळी झोपा आणि उठा.

पण उठायची वेळ ठरवतं कोण? मालाड स्टेशनवर पहाटे लोकलची वाट बघत उभ्या असलेल्या, सातचं लेक्चर गाठायला निघालेल्या कुणालाही विचारा.

आता थोडं मागे जाऊ. एकेकाळी मुंबईची स्वतःची वेळ होती, ‘बॉम्बे टाइम’. सूर्य मुंबईच्या डोक्यावर आला की दुपारचे बारा, असा साधा हिशेब. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ही वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, म्हणजे अलाहाबादजवळची. मुंबई जवळपास ७३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर फरक पडतो साधारण ३९ मिनिटांचा.

हा फरक सगळ्यात आधी कळला गिरणी कामगारांना. घड्याळ पुढे गेलं, पण सूर्य होता तिथेच. म्हणजे भोंगा आता ३९ मिनिटं आधी वाजणार, तोही अंधारात. जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी त्याच जानेवारीत या नव्या वेळेविरुद्ध काम थांबवलं. महापालिकेनेही जुनी वेळ सोडली नाही. ती पुढे कित्येक वर्षं चालवली. आपल्याला हे गमतीदार वाटतं, पण त्या कामगारांसाठी तो झोपेचा प्रश्न होता.

तो आजही आहे. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे सातचं लेक्चर सुरू होतं, तेव्हा मालाडमध्ये सूर्योदयही झालेला नसतो. साडेपाचचा अलार्म जुन्या मुंबई वेळेत मोजला, तर ४ वाजून ५१ मिनिटांचा! त्यात किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं. अठरा वर्षांपुढच्या मुलांना सात ते नऊ तास झोप लागते. साडेपाचला उठायचं तर सात तासांसाठीही साडेदहाला झोपायला हवं, आणि तेव्हा डोळे मिटत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांची झोप याच नजरेने तपासली. सूर्यास्त तासभर उशिरा, तर झोप साधारण अर्ध्या तासाने कमी. कारण सोपं आहे: झोपायची वेळ सूर्याबरोबर पुढे सरकते, पण शाळेची घंटा हलत नाही.

घंटा हलवता मात्र येते. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढून शाळांच्या वेळा बदलायला सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय आला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर. व्हॅन, दोन पाळ्या, पालकांची ऑफिसं अशा अडचणी निघाल्याच. पण झोप हे वेळ बदलण्याचं कारण असू शकतं, हे राज्याने कागदावर मान्य केलं. कॉलेजं मात्र त्यातून सुटली.

कॉलेजांच्याही अडचणी खऱ्या आहेत. एकाच इमारतीत सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं. काही मुलं सकाळी शिकून दुपारी नोकरी करतात. म्हणून सरसकट नऊ वाजता म्हणता येणार नाही. पण सात वाजताची वेळही कुणीतरी ठरवलेलीच आहे ना?

तेव्हा झोपेचा धडा जरूर पूर्ण करा, फोन लांब ठेवा. आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागायच्या आधी, पहिलं लेक्चर कुणाचं आणि किती वाजता, हे वर्गात मिळून विचारा. गिरणी कामगारांनी विचारलं होतं.

भेटू पुढच्या भागात. आणि हे रात्री ऐकत असाल, तर आता झोपा!