कर्ता आणि उद्देश्य : वाक्यपृथक्करणाचा पूर्वेतिहास

मराठी शाळांतून वाक्यपृथक्करणाचा जो पाठ चालत आला, त्याच्या संज्ञा संस्कृत व रीत इंग्रजी आहे. ही सांगड कोठें बसते व कोठें निसटते, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें. तें इंग्रजींत, परक्यांकरितां होतें. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं मराठींतच निघालें. तेव्हांपासून इंग्रजी मांडणी व संस्कृत परिभाषा एकत्र नांदूं लागल्या.

इंग्रजींत क्रियापद ज्याच्या पुरुषवचनांस अनुसरतें तें उद्देश्य. वाक्य कर्मणि केलें कीं कर्मच उद्देश्य होतें. पाणिनीनें मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या : क्रियेविषयीं जो स्वतंत्र तो कर्ता, हें अर्थावरून, आणि क्रियापदाच्या प्रत्ययानें कर्ता सांगितला कीं कर्म, हें रूपावरून.

या भेदाचें महत्त्व मराठींत लगेच कळतें. 'मी गाडी पाहतों', 'मीं गाडी पाहिली', 'मीं गाडीस पाहिलें' या तिन्हींत कर्ता एकच. परंतु क्रियापद पहिल्यांत कर्त्यास, दुसऱ्यांत कर्मास अनुसरतें. तिसऱ्यांत कोणासही न अनुसरतां नपुंसकलिंगी एकवचनीं राहतें. इंग्रजी कसोटी लावली, तर दुसऱ्यांत 'गाडी' उद्देश्य ठरेल व तिसऱ्यांत उद्देश्यच उरणार नाहीं. म्हणूनच कर्तरि, कर्मणि व भावे या प्रयोगांचा विचार मराठी व्याकरणास टाळतां आला नाहीं. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'नें (१९११) त्याची सविस्तर चिकित्सा केली.

उपवाक्यांचेंही तसेंच. 'जी गाडी कल्याणाहून सुटते, ती आंबिवलीस थांबते' यांतील 'जी-ती' ही जोडी संस्कृतांतील 'यत्-तत्' होय. इंग्रजींत संबंधी उपवाक्य नामामागून येतें व 'ती' लागत नाहीं. 'गाडी आंबिवलीस येऊन थांबली' यांत मात्र 'येऊन' हें धातुसाधित असल्यानें वाक्य एकच.

तात्पर्य, दोन्ही भाषांत प्रथम पूर्ण क्रियापदें मोजावीं, तितकीं वाक्यें. पुढें इंग्रजींत क्रियापद कोणास अनुसरतें हें विचारावें. मराठींत आधीं क्रिया कोण करितो हें विचारून मग प्रयोग ठरवावा. हा क्रम न सांगितल्यामुळें विद्यार्थी इंग्रजी कर्मणि वाक्यांत करणाऱ्यासच उद्देश्य समजतो. तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. दोन शास्त्रांस एकच नांव दिल्याचा आहे.