कार्मेन रिद्मिकुम

सातव्या-आठव्या शतकांच्या संधिकाळातील दोनशे ओळींचे लॅटिन प्रवासकाव्य. कर्ता ॲल्डहेल्म (मृत्यू ७०९) हा वेसेक्स राज्यातील माम्सबरीच्या मठाचा अधिपती व पुढे शेरबोर्नचा बिशप. कॅन्टरबरीत त्याने हेड्रियनकडे अध्ययन केले होते. जर्मानिक वंशात लॅटिन छंदःशास्त्रावर लिहिणारा आपणच पहिला, असा त्याचा अभिमानाचा दावा होता.

काव्य एका मित्राला उद्देशून आहे. कॉर्नवॉलमार्गे डेव्हनला जाताना कवी एका लाकडी चर्चमध्ये मुक्कामाला असतो. पहाटेच्या उपासनेला सारे जमलेले असताना वादळ येऊन थडकते. वारे मोकाट सुटतात, मेघगर्जना, विजा आणि गारा यांनी आभाळ भरून जाते, समुद्र खडकांवर आदळू लागतो. सूर्य-चंद्रासह आकाशातली कोणती तेजे झाकोळली, याची यादी कवी सावकाश देतो. तीत कृत्तिकाही आहेत. मग तुळया थरथरू लागतात, मंडळी बाहेर धाव घेतात आणि छप्पर कोसळते. जीव वाचल्याबद्दल ईश्वराचे आभार मानून काव्य संपते.

ॲल्डहेल्मची एरवीची शैली बोजड म्हणून प्रसिद्ध आहे. अलंकारांचा सोस याही काव्यात आहेच, पण छप्पर डळमळू लागल्यापासून पुढचा भाग प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा वाटतो. या काव्याचे खरे बळ तिथे आहे.

प्राचीन लॅटिन वृत्ते लघु-गुरूंच्या हिशेबावर चालत. ॲल्डहेल्मने तो हिशेब इथे बाजूला ठेवला. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, दोन-दोन ओळींना यमक आणि बहुतेक ठिकाणी शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात, अशी ही रचना आहे. तिची मुळे आयर्लंडच्या लॅटिन स्तोत्रांत शोधली जातात. तीत जागोजाग येणारा अनुप्रास मात्र जुन्या इंग्रजी कवितेला सरावलेल्या कानाचा आहे. आठ अक्षरांची आखूड ओळ आणि लगेच येणारे यमक यांमुळे वादळाला धावती गती मिळते. लांब ओळीच्या षट्पदी वृत्तात ती साधली नसती.

ॲल्डहेल्मचा शिष्य एथिलवाल्ड याने याच घाटात काव्ये रचली. जर्मनीत धर्मप्रसारास गेलेल्या बोनिफेसनेही तो वापरला. काव्य टिकले तेही याच वर्तुळामुळे: नवव्या शतकात माइन्झला तयार झालेल्या आणि आता व्हिएन्नात असलेल्या बोनिफेसच्या पत्रसंग्रहाच्या हस्तलिखितात ते सापडते. रुडोल्फ एवाल्डने (१९१३–१९) त्याचे संपादन केले. बोनिफेसनंतर माइन्झच्या धर्मपीठावर आलेल्या लुलने तरुणपणी आपल्या जुन्या गुरूला लिहिलेले एक पत्रही उपलब्ध आहे. परदेशवासात दिलासा म्हणून ॲल्डहेल्मचे काहीतरी पाठवा, गद्य असो वा कोणत्याही छंदातले पद्य, अशी विनंती त्याने त्यात केली आहे.