साखरयंत्रांच्या गावातून कक्षेकडे
अंतराळ-उड्डाणाच्या संगणकी खेळात अवजड उपग्रह वर न्यायचा तर रॉकेटला आणखी बूस्टर जोडले की झाले. ते कुणी घडवले, हा प्रश्नच उद्भवत नाही. भारताच्या एलव्हीएम-३ या रॉकेटचा इतिहास मात्र याच प्रश्नापासून वाचायला हवा. त्याच्या एस-२०० बूस्टरचा व्यास ३.२ मीटर, पोटात सुमारे २०० टन घन इंधन. एवढे पोलादी कवच खंडाखंडांत घडवून जोडावे लागते. ते घडवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या या गावाने १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी काम केले. जाड पत्रा वाकवून बिनचूक सांधण्याचे कसब तिथे आधीच मुरलेले होते, हे मला निर्णायक वाटते.

कुणी म्हणेल, खरी अडचण वरच्या टप्प्यातल्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत द्रव इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाची होती. एलव्हीएम-३ ला न पेलणारा ५,८५४ किलोचा जीसॅट-११ उपग्रह २०१८ मध्ये युरोपच्या एरियन-५ रॉकेटवरूनच पाठवावा लागला, हे खरेच. पण एलव्हीएम-३ जमीन सोडते ते केवळ दोन एस-२०० च्या बळावर. मधला द्रव-इंधनाचा टप्पा सुमारे दोन मिनिटांनी पेटतो. २ नोव्हेंबर २०२५ ला सुमारे ४,४१० किलोचा सीएमएस-०३ उपग्रह श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ वरून उडाला, तोही याच बळावर.