वाचननिवडीचा इतिहास : लोकप्रिय कादंबरी, आत्मकथन आणि वर्धा जिल्हा

गोषवारा

कोणते पुस्तक वाचावे हा प्रश्न वरवर वैयक्तिक आवडीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे नीती, अभिरुची आणि सामाजिक ओळख यांचा दीर्घ इतिहास उभा असतो. प्रस्तुत निबंधात वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात या इतिहासाचे तीन टप्पे पाहिले आहेत. लोकप्रियता हा ग्रंथाचा गुण किंवा दोष न मानता तिच्याकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहावे आणि कादंबरी व आत्मकथन यांची निवड जोडीने करावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ग्रंथनिवड, लोकप्रिय कादंबरी, आत्मकथन, वर्धा, वाचनसंस्कृती

प्रस्तावना

मार्च महिना जवळ आला की महाविद्यालयांत ग्रंथनिवड समितीची बैठक होते. प्रकाशकांच्या याद्या टेबलावर येतात, विभागप्रमुख खुणा करतात, उरलेली रक्कम संदर्भग्रंथांवर खर्ची पडते. ललित साहित्याची पाळी शेवटी येते आणि तिथे दोनच निकष चालतात : पुरस्कार मिळाला आहे का, आणि अभ्यासक्रमात आहे का? प्रस्तुत लेखकाने अशा काही बैठकांना हजेरी लावली आहे आणि त्याच निकषांवर स्वतःही खुणा केल्या आहेत. एका बैठकीनंतर पदवीच्या तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्या इकडच्या माणसांवरची एखादी कादंबरी आहे का?" त्या वेळी चटकन उत्तर देता आले नाही. हा निबंध म्हणजे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर आहे.

वर्धा हे तसे अलीकडचे शहर. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे मुख्य ठाणे वसले. कापूस, रेल्वे आणि बाजारपेठ यांवर हा जिल्हा वाढला. हिंगणघाटचा कापूस तर मुंबईच्या बाजारात त्याच गावाच्या नावाने ओळखला जाई. मात्र देशाला वर्धा ठाऊक झाले ते कापसाने नव्हे, तर विसाव्या शतकातील आश्रमांनी. जिल्ह्याच्या वाचनविषयक धारणांवरही त्याच काळाचा ठसा सर्वांत खोल उमटला आहे.

पहिला टप्पा : नीतीचा निकष

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले. १९३४ मध्ये गांधीजी आले, १९३६ मध्ये त्यांनी शेगाव गाठले आणि पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापनाही १९३६ चीच. त्या कार्यासाठी काकासाहेब कालेलकर वर्ध्यात राहिले. या वातावरणात वाचन हे साधनेचे अंग होते. 'गीताई', 'गीता प्रवचने' आणि गांधीजींची आत्मकथा हे या परंपरेचे आधारग्रंथ. आत्मकथेचे मराठी भाषांतर अप्पासाहेब पटवर्धनांनी केले. कालेलकरांची 'स्मरणयात्रा' ही बालपणीच्या आठवणींची वही याच कुळातली म्हणता येईल.

म्हणजे वर्ध्याच्या परंपरेत आत्मकथनाला मानाचे स्थान होते आणि कादंबरीकडे, विशेषतः मनोरंजक कादंबरीकडे, संशयाने पाहिले जात होते. हा संशय केवळ आश्रमाचा नव्हे. १८५७ मध्ये बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून मराठी कादंबरी सुरू झाली, तेव्हापासूनच तिला आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागत होती. विधवांची स्थिती दाखवणारी, समाजसुधारणेला हातभार लावणारी कादंबरी चालत असे. केवळ रंजन करणारी कादंबरी घरातील स्त्रियांच्या आणि मुलांच्या हाती पडू नये, अशी काळजी घेतली जाई.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. मोट हाकणाऱ्या शेतकऱ्यालाही समजेल असे साहित्य हवे, अशी अपेक्षा गांधीजींनी गुजराती साहित्यिकांपुढे मांडली होती. सुबोधतेचा हा निकष कोणी पाळला, याचा मराठीत शोध घेतला तर बाबूराव अर्नाळकरांसारख्या लेखकांचे नाव घ्यावे लागते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची भाषा नुकतीच अक्षरओळख झालेल्या वाचकालाही सहज झेपत असे. पण नीतीच्या निकषावर त्या पुस्तकांना प्रतिष्ठित कपाटात जागा नव्हती. सुबोधता हवी, पण सुबोध असलेले रंजन नको, असा हा पेच होता. तो पुढेही सुटला नाही.

दुसरा टप्पा : अभिरुचीचा निकष

१९६२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या एका वर्षात पु. शि. रेगे यांची पत्ररूप लघुकादंबरी 'सावित्री' आली, थोरले माधवराव पेशवे यांच्या जीवनावरील रणजित देसाई यांची 'स्वामी' आली आणि 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' प्रसिद्ध झाली. पहिली मोजक्या रसिकांची, दुसरी घराघरांतली, तिसरी न्यायालयात गेलेली. 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला चालला, उच्च न्यायालयात लेखक दोषी ठरला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. त्याच १९६९ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षस्थानी 'सावित्री'चे कर्ते रेगे होते.

या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही त्या एकत्र ठेवल्या की काळाचे चित्र स्पष्ट होते. साहित्याच्या व्यासपीठावर एक प्रकारची कादंबरी, न्यायालयाच्या कठड्यात दुसऱ्या प्रकारची, आणि वाचनालयाच्या खिडकीपाशी उभा असलेला वाचक बहुधा तिसरीच मागणारा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान यांची चौकट मिळाली आणि ग्रंथनिवड हा सार्वजनिक पैशाचा विषय झाला. सार्वजनिक पैसा आला की 'दर्जेदार' या शब्दाला प्रशासकीय वजन येते, हे आपण सारे अनुभवाने जाणतो.

या विभाजनाची खरी किंमत कोणी मोजली? या जिल्ह्यापुरते उत्तर द्यायचे तर उद्धव शेळके यांचे नाव पुढे येते. त्यांचा जन्म हिंगणघाटचा. १९६० मधील त्यांची 'धग' ही कादंबरी वऱ्हाडी बोलीतील संवादांमुळे आणि कौतिक या नायिकेमुळे मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते. दारिद्र्याशी झुंजत संसार ओढणारी ही स्त्री आपल्या परिसरातील कोणत्याही घरात भेटावी इतकी ओळखीची आहे. याच लेखकाने लेखणीवर पोट भरण्यासाठी पुढे विपुल लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. समीक्षेने 'धग' ठेवली आणि उरलेले लेखन बाजूला सारले. वाङ्मयीन मूल्याच्या दृष्टीने हा निवाडा कदाचित योग्यही असेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो अपुरा आहे. एका लेखकाला उपजीविकेसाठी काय लिहावे लागले आणि त्या काळचा वाचक काय विकत किंवा भाड्याने घेत होता, याचा पुरावा त्या बाजूला पडलेल्या पुस्तकांतच आहे. ती पुस्तके जपली गेली नाहीत, तर हा पुरावा कायमचा नष्ट होईल.

तिसरा टप्पा : ओळखीचा निकष

१९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मकथनाचा अर्थच बदलला. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८१ मध्ये नागपूरच्या कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', १९८६ मध्ये बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि २००३ मध्ये ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' ही पुस्तके आली. तोवर आत्मकथन म्हणजे थोरांचे चरित्र, अनुकरणासाठी वाचावयाचे, अशी समजूत होती. आता ज्यांच्याविषयी इतिहासाच्या साधनांत ओळही नव्हती, ती माणसे स्वतःच साधन बनली.

या टप्प्यावर वाचक विचारू लागला, "यात मी आहे का?" फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याने या प्रश्नाचे दृश्य रूप पाहिले. न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलन, अशी दोन संमेलने एकाच शहरात, एकाच सुमारास भरली. कोणाचे साहित्य मध्यवर्ती मानावे, याविषयीचा मतभेद शहराच्या दोन मंडपांत उभा होता. दोन्ही मंडपांना भेट देणाऱ्या वाचकाला मात्र दोन्हीकडची पुस्तके एकाच पिशवीतून घरी नेता येत होती.

जोडवाचनाची पद्धत

वरील तिन्ही निकषांनी काही दिले आणि काही वगळले. नीतीने रंजन वगळले, अभिरुचीने लोकप्रियता वगळली आणि ओळखीच्या निकषाचा अतिरेक झाला तर परक्याचा अनुभव वगळला जाण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून एक कादंबरी आणि एक आत्मकथन असे जोडीने निवडावे, असे सुचवावेसे वाटते. कादंबरी काळाची कल्पना आणि वाचकांची भूक सांगते, आत्मकथन साक्षीदाराची बाजू सांगते. दोन्ही शेजारी ठेवल्यास एकीचे दोष दुसरी उघड करते. काही जोड्या येथे देत आहे.

पहिली जोडी 'धग' आणि साधनाताई आमटे यांचे 'समिधा' यांची. बाबा आमटे यांचाही जन्म हिंगणघाटचाच, १९१४ चा. 'समिधा' ही आनंदवनाच्या उभारणीची पत्नीच्या नजरेतून आलेली कहाणी आहे. दोन्ही पुस्तकांच्या केंद्रस्थानी संसाराचा भार पेलणारी स्त्री आहे. एकीचे कष्ट दारिद्र्यात विरून गेले, दुसरीच्या कष्टांतून संस्था उभी राहिली. हा फरक स्वभावाचा की परिस्थितीचा, यावर वर्गात एक तास सहज चर्चा होऊ शकते.

दुसरी जोडी सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ची (२००२) आणि डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'ची. पहिली शिकून बेकार राहिलेल्या शेतकरीपुत्राची कादंबरी, साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त. दुसरे वर्ध्यात जन्मलेल्या आणि सेवाग्रामच्या नई तालीमच्या वातावरणात वाढलेल्या डॉक्टरांचे अत्यंत लोकप्रिय अनुभवकथन. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरांचा हा इतिहास आहे. 'बारोमास'चा गावगाडा बुलढाण्याकडचा असला तरी कोरडवाहू शेतीचे दुःख जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. एका पुस्तकात माणसाला परिस्थिती मोडते, दुसऱ्यात माणूस आजारपणाच्या निमित्ताने स्वतःकडे पाहायला शिकतो. स्वतःकडे पाहण्याची ही सवड कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न दोन्ही वाचल्याशिवाय सुचत नाही.

तिसरी जोडी दोन आत्मकथनांची : जानकीदेवी बजाज यांचे हिंदीतील 'मेरी जीवन-यात्रा' आणि 'जिणं आमुचं'. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. दार उघडणाऱ्या घरात सून म्हणून आलेली स्त्री आणि दाराबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजातील स्त्री, या दोघींचे शब्द एकत्र वाचले तर सुधारणेचा इतिहास एकाच बाजूने लिहिला जाणार नाही.

चौथी जोडी 'स्वामी' आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची. 'स्वामी'तील संवाद अनेक विद्यार्थी ऐतिहासिक उद्गार म्हणून उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्याउलट आत्मकथन म्हणजे निखळ सत्य, असाही समज असतो. 'स्मृतिचित्रे' अनेक दशकांनंतर आठवून लिहिली गेली आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर शेवटचा भाग त्यांच्या मुलाने पूर्ण केला, ही माहिती दिली की स्मृतीलाही संपादन असते हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

समारोप

इतिहासकार साधने निवडतो, त्याच्या कितीतरी आधी ग्रंथपाल आणि निवड समिती ती निवडून बसलेली असते. आज कपाटात न आलेले पुस्तक पन्नास वर्षांनी संशोधकाला मिळत नाही. म्हणून समितीने पुढील तीन गोष्टी कराव्यात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. ललित ग्रंथांच्या तरतुदीतील काही भाग जिल्ह्याशी संबंधित पुस्तकांसाठी राखून ठेवावा. पुस्तक लोकप्रिय आहे एवढ्याच कारणाने नाकारू नये. आणि जुनी, फाटकी, पिवळी पडलेली लोकप्रिय कादंबरी रद्दीत देण्यापूर्वी तिची किमान नोंद ठेवावी.

त्या विद्यार्थ्याला पुढे 'धग' दिली. आठवड्याने ती परत करताना पुस्तकाविषयी तो फारसे बोलला नाही. कौतिकची भाषा आपल्या आजीसारखी आहे, एवढे म्हणाला आणि याच लेखकाचे आणखी काही आहे का, असे विचारले. त्याचे उत्तर द्यायला आपल्या कपाटात काही असावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.