शेर, तोळे आणि घरचा साबण

मागील दिवाळीच्या खरेदीसाठी कोप्पीकर रोडवर गेलो असता एका दुकानात घरगुती साबणाच्या वड्या मांडलेल्या दिसल्या. कडुनिंब, हळद, बेसन, शेळीचे दूध अशी नाना नावे त्यांवर होती. सोबत असलेल्या नातीने एक वडी हुंगली, किंमत पाहिली आणि परत ठेवली. "आजोबा, हे आपण घरीच करू या की. आपल्याकडे ती आत्याआजीची वही आहे ना!" असे ती म्हणाली. त्या वहीचे नाव ऐकताच मी थोडा चपापलो. ती वही आमच्या घरात साबणापेक्षा एका अपयशासाठीच अधिक ओळखली जाते.

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त हुबळीस आले आणि येथेच स्थिरावले. त्यांची थोरली कन्या, म्हणजे माझी आत्या, लहान वयात वैधव्य येऊन माहेरी परतली. स्वदेशीच्या वातावरणात वाढलेल्या या बाईने सूत कातले, शाई केली आणि साबणही केला. पहिली काही वर्षे तिचा साबण आळीत वाखाणला जाई. पुढे युद्धकाळात, १९४३ च्या सुमारास, तिने केलेल्या एका घाण्याने घरातल्या बायकांचे हात सोलून निघाले आणि तिच्या स्वतःच्या बोटांवर कायमचे व्रण राहिले. तेव्हापासून "हिचा हात साबणाला लाभत नाही" असे घरात म्हटले जाऊ लागले. आत्याने पुन्हा साबण केला नाही. मी तिला पाहिले ते तिच्या उतारवयात, पण हे वाक्य तिच्यासमोर उच्चारले गेलेले मी स्वतः ऐकले आहे.

नातीच्या हट्टामुळे ती वही पुन्हा उघडली. आत काय सापडले हे सांगण्यापूर्वी साबणाचा थोडा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे.

आपल्या घरांत रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ आणि उटणे हीच स्नानाची साधने होती. कपड्यांसाठी परीट सज्जीखार वापरीत. 'साबण' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला की पोर्तुगीजांकडून, हा वाद बाजूस ठेवला तरी शब्द पाहुणा आहे हे उघड आहे. विलायती वडी मोठ्या प्रमाणावर आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लीव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्यातील चरबीच्या शंकेने अनेक घरांनी तो उंबऱ्याबाहेर ठेवला. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत देशी साबणाचे प्रयत्न ठिकठिकाणी झाले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास केवळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. म्हैसूर संस्थानाने १९१६ च्या सुमारास बंगळुरात सरकारी साबण कारखाना उभारला आणि महायुद्धामुळे निर्यात खुंटलेल्या चंदनाला नवी वाट काढून दिली. आपले हुबळी-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे म्हैसूरचा हा साबण आपल्या वाडवडिलांच्या दृष्टीने शेजारच्या राज्याचा माल होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो 'आपल्या' राज्याचा झाला, हीही एक गंमतच.

या स्वदेशीत एक गोम होती. तेल देशी असले तरी कॉस्टिक सोडा, म्हणजे दाहक सोडा, परदेशातून येई. साबणाचा निम्मा प्राण त्या दाहक सोड्यात असतो. तेव्हा घरोघरच्या साबणात स्वावलंबन जितके होते तितकेच परावलंबनही होते.

आता मुख्य मुद्दा. साबण करण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत उकळण्याची. फ्रान्समधील मार्सेय येथील साबण याच रीतीचा, आणि त्यात ऑलिव्हच्या तेलाखेरीज अन्य तेल वापरू नये असा चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८८ साली हुकूम निघाला होता. या रीतीत तेल आणि क्षार कढईत उकळून वर मीठ टाकतात. मिठाने साबण वर तरंगतो. ग्लिसरीन व उरलासुरला क्षार खालच्या पाण्यात राहतो. कारागिराच्या हातून क्षार थोडा अधिक पडला तरी तो धुऊन काढता येतो. त्यामुळे तेथे अनुभवी नजर पुरेशी होती.

दुसरी रीत थंड. तीत तेल आणि क्षाराचे पाणी कोमट असतानाच एकत्र घुसळून साच्यात ओततात. मीठ नाही, धुणे नाही. एकोणिसाव्या शतकात खोबरेल युरोपात मुबलक पोहोचल्यावर ही रीत फैलावली, कारण खोबरेलाचा साबण सौम्य उष्णतेवरही चटकन होतो. घरगुती साबणाची रीत हीच. ती सोपी दिसते, परंतु भांड्यात जे पडले ते सारे वडीत राहते. चूक धुऊन काढण्याची सोय नसल्याने येथे नजर कामाची नाही, वजन पाहिजे.

किती वजन, याचे उत्तर शास्त्राने टप्प्याटप्प्याने दिले. लब्लांक याने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याची कृती काढली. शेवरल याने १८२३ च्या ग्रंथात तेल म्हणजे मेदाम्ले व ग्लिसरीन यांचा संयोग असल्याचे मांडले. १८७९ साली कोटश्टोर्फर याने एखाद्या तेलास साबण होण्यासाठी नेमका किती क्षार लागतो हे मोजण्याची पद्धत दिली. हाच तो साबणीकरण अंक. तो प्रत्येक तेलाचा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेलास सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागते, शेंगतेलास सुमारे ०.१३६, एरंडेलास सुमारे ०.१२८.

हे आकडे हाती घेऊन आत्याची वही वाचली. तिच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: खोबरेल एक शेर, कॉस्टिक १४ तोळे, पाणी ३० तोळे. पहिला प्रश्न, शेर कोणता? मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि चाळीस शेरांचा, म्हणजे शेर सुमारे ३१८ ग्रॅमचा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. दोहोंत तिपटीचे अंतर! १४ तोळे म्हणजे १६३ ग्रॅम कॉस्टिक. मुंबई शेर धरला तर ५८ ग्रॅम पुरे, आणि साबण विषासमान होईल. सरकारी शेर धरला तर गरज १७१ ग्रॅमची, म्हणजे वहीतले माप किंचित कमी. सुमारे चार टक्के तेल मोकळे राहते. आजचे जाणकारही सुरक्षिततेसाठी पाच टक्के तेल मोकळे ठेवावयास सांगतात. आत्याची मूळ कृती निर्दोष होती.

त्याच पानावर खाली निराळ्या शाईत, निराळ्या अक्षरात एक ओळ आहे: "खोबरेल न मिळाल्यास शेंगतेल घ्यावे." बस्स, एवढेच. कॉस्टिकचा आकडा बदललेला नाही. युद्धकाळात खोबरेल दुर्मीळ झाले होते असे घरात सांगत, आणि शेंग तर आपल्या भागातलेच पीक. परंतु ९३३ ग्रॅम शेंगतेलास १२७ ग्रॅम कॉस्टिक पुरते. १६३ घातले तर ३६ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांहून अधिक दाहक सोडा वडीत तसाच शिल्लक राहतो. उघड्या डब्यातील कॉस्टिक हवेतली ओल शोषून थोडे सौम्य झाले असेल असे गृहीत धरले तरी एवढी तफावत भरून निघणे कठीण. ती ओळ घरातल्या कोणा पुरुषाने लिहिली असावी असे अक्षरावरून वाटते. नाव सांगणे आता अप्रस्तुत आहे. दोष मात्र ऐंशी वर्षे आत्याच्या हातावर राहिला.

हा हिशेब मी नातीसमोर मांडला आणि मग आम्ही साबण केला. नवशिक्यांच्या उपयोगासाठी त्याची मापे देतो. खोबरेल २०० ग्रॅम, शेंगतेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. यांस अनुक्रमे ३६.६, ३४ आणि ६.४, एकूण ७७ ग्रॅम कॉस्टिक लागते. त्यातून पाच टक्के वजा करून ७३ ग्रॅम घ्यावे. पाणी त्याच्या दुप्पट, १४६ ग्रॅम. खोबरेलाने वडी कठीण होते व फेस येतो, पण एकट्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. एरंडेल फेस टिकवते. शेंगतेल सौम्य आहे, परंतु फार घातल्यास वडी मऊ राहते आणि काही महिन्यांत खवट वास येतो. करडईच्या तेलाचा हा दोष अधिक. एकही तेल बदलले, तर सारा हिशेब पुन्हा करावा. या लेखातील एवढी एकच सूचना लक्षात राहिली तरी पुरे.

तेल आणि पाणीही मापट्याने न घेता काट्यावरच तोलावे, आणि काटा एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा हवा. कॉस्टिक नेहमी पाण्यात सावकाश सोडावे. त्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे मुळीच नको. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, खिडकी उघडी आणि लहान मुले दूर. अंगावर थेंब उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. दोन्ही द्रव कोमट झाले की क्षाराचे पाणी तेलात ओतून घुसळावे. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले आणि पळीतून सोडलेली धार वर क्षणभर उमटून राहिली, की साच्यात घालावे. एकदोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या पाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्याव्यात. सुगंध, हळद, उटणे यांच्या मागे पहिल्या घाण्यास लागू नये.

शेर आणि तोळे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने व्यवहारातून गेले. जुन्या घरांतील वह्यांत मात्र ते अजून आहेत. लोणच्यांत, काढ्यांत आणि औषधांतही. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशा वह्या असतील. त्या जपाव्यात, पण कृती करण्यापूर्वी शेर कोणता, तोळा किती आणि खालची ओळ कोणाच्या हातची, एवढे तपासून घ्यावे.

सहा आठवड्यांनी नातीने पहिली वडी हाताला लावून पाहिली. हात सोलले नाहीत. मग तिने वहीच्या त्या पानावर, निराळ्या अक्षरातील ओळीसमोर लिहिले: "शेंगतेल घेतल्यास कॉस्टिक १० तोळे." खाली तारीख घातली आणि कंसात आत्याचे नाव लिहिले.